आज्ञावलींचा बटवा : संकेतस्थळाच्या दर्शनी रचनेसाठी उपयुक्त तुकड्यांचा संग्रह

ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत शासन व नागरिक यांच्यातील व्यवहाराचा मोठा भाग आज संगणकाच्या आणि मोबाईलच्या पडद्यावर होतो. दाखल्याचा अर्ज, शाळेची माहिती, ग्रामसभेची सूचना या सर्वांचे पहिले दर्शन नागरिकाला संकेतस्थळावर घडते. ते संकेतस्थळ सुबोध असेल तर शासन जवळचे वाटते. अर्जाची चौकट मराठी आकडा नाकारू लागली, तर कार्यालयाचे दार बंद असल्याचा अनुभव येतो. यास्तव संकेतस्थळाच्या दर्शनी बाजूची रचना हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहिलेला नाही.

तीन भाषांचे कार्य

ही दर्शनी बाजू तीन संगणकीय भाषांवर उभी असते. एचटीएमएल पानाचा सांगाडा बांधते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत असताना तिचा पाया घातला. रंग, अंतर व मांडणी सीएसएस ठरवते. तिची पहिली अधिकृत शिफारस डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. पानाला हालचाल व निर्णयशक्ती देणारी जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आईक यांनी तयार केली.

या भाषांत काम करताना काही गरजा पुनःपुन्हा उद्भवतात. प्रत्येक वेळी नव्याने लिहिण्याऐवजी कसून तपासलेले छोटे तुकडे जपून ठेवणे श्रेयस्कर होय. आजीबाईच्या बटव्यात जशा नेमक्या दुखण्यावरच्या नेमक्या मुळ्या असतात, तसाच हा आज्ञावलींचा बटवा असावा.

मराठी पानासाठी आवश्यक तुकडे

पहिला तुकडा आकड्यांचा. जावास्क्रिप्टमध्ये 'अंक' ओळखण्याची जी संक्षिप्त खूण वापरली जाते, ती केवळ इंग्रजी अंक ओळखते. परिणामी एखाद्या नागरिकाने पिनकोड देवनागरीत लिहिल्यास अर्ज 'चुकीचा' ठरतो. वस्तुतः चूक नागरिकाची नसून आज्ञावलीची असते. उपाय अगदी सोपा आहे. युनिकोड या जागतिक चिन्हसंचात देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, तर इंग्रजी शून्याचा ४८ आहे. उरलेले अंक त्यापुढे ओळीने येतात. म्हणून २४०६ ते २४१५ या क्रमांकांच्या प्रत्येक चिन्हातून २३५८ वजा केले, की त्याचा इंग्रजी अंक मिळतो. चार-पाच ओळींचा हा तुकडा तपासणीपूर्वी चालविला, तर अर्जदाराला दोन्ही लिप्यांची मुभा राहते.

दुसरा तुकडा अनुक्रमाचा. संगणक सामान्यतः चिन्हक्रमांकानुसार याद्या लावतो. युनिकोडमध्ये 'ळ' हे अक्षर 'ल'च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत मात्र ते 'ह'नंतर येते. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या यादीत 'काळे' हे नाव 'कासार'च्या आधी पडते, आणि हजेरीपटाशी मेळ बसत नाही. जावास्क्रिप्टमध्ये भाषेनुसार तुलना करण्याची सोय आहे. तिला मराठीचा संकेत द्यावा आणि याच दोन नावांवर परीक्षा घेऊन मगच तो तुकडा संग्रहात घ्यावा.

तिसरा तुकडा सुगम्यतेचा. पानाच्या आरंभी भाषा मराठी असल्याचे नोंदवले, तर दृष्टिहीन व्यक्तींसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीला योग्य उच्चार निवडता येतो. अर्जातील प्रत्येक चौकटीला तिचे नाव तांत्रिकदृष्ट्या जोडलेले असले पाहिजे. अन्यथा ऐकणाऱ्याला कोणती चौकट भरावयाची हेच कळत नाही. सर्वसाधारण मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ पाहता ही बाब सौजन्याची नसून हक्काची आहे.

संग्रह कसा करावा

तुकडा कोठे मिळाला यापेक्षा तो कसा नोंदवला याला अधिक महत्त्व आहे. दप्तरातील कागदाला जावक क्रमांक व दिनांक नसेल तर त्याचा उपयोग होत नाही, तीच गत येथेही होते. प्रत्येक तुकड्यासोबत पुढील पाच गोष्टी लिहाव्यात :

१. तो कोणती अडचण दूर करतो, हे एका वाक्यात.
२. तो कोणाकडून घेतला व वापराची अट काय आहे.
३. कोणत्या ब्राउझरवर व मोबाईलवर तपासला.
४. कोणती माहिती दिली असता कोणते उत्तर अपेक्षित आहे.
५. शेवटच्या तपासणीचा दिनांक.

अटींकडे दुर्लक्ष होऊ नये. एमआयटी परवान्याखालील आज्ञावली मुक्तपणे वापरता येते, परंतु मूळ हक्कसूचना कायम ठेवावी लागते. काही सार्वजनिक ठिकाणचे तुकडे श्रेय द्यावे व त्याच अटींवर पुढे वाटावे, अशा बंधनासह मिळतात. संग्रह ठेवण्यासाठी गिट ही २००५ पासूनची प्रणाली उपयुक्त आहे. कोणता बदल केव्हा व कोणी केला, याची नोंद ती ठेवते.

सावधगिरी

मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या अकरा ओळींचा तुकडा त्याच्या कर्त्याने एनपीएम या सार्वजनिक भांडारातून काढून घेतला. त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे विसंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी त्यामुळे अडली. छोट्या गोष्टींची प्रत आपल्या संग्रही असावी, हा यातील धडा होय.

दुसरा धोका सुरक्षिततेचा. पानात घातलेल्या परक्या आज्ञावलीला त्या पानाचे सर्व अधिकार प्राप्त होतात. अर्जात भरलेली माहितीही ती वाचू शकते. म्हणून न समजलेली एकही ओळ बटव्यात घेऊ नये. तसेच नागरिकाने लिहिलेला मजकूर पडद्यावर दाखविताना तो एचटीएमएल म्हणून न घालता निव्वळ मजकूर म्हणूनच घालावा.

तिसरी बाब कालबाह्यतेची. इंटरनेट एक्सप्लोरर ११ या ब्राउझरचा आधार बहुतांश संगणकांसाठी जून २०२२ मध्ये संपला. त्याच्यासाठी रचलेल्या युक्त्या आता ओझे ठरतात. वर्षातून एकदा संग्रह चाळून निरुपयोगी तुकडे काढून टाकावेत.

शाळा व पंचायतींसाठी

माध्यमिक शाळेतील संगणक शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून असा एकेक तुकडा लिहून, तपासून व नोंदवून घ्यावा. त्यात भाषा, गणित आणि नागरिकशास्त्र यांचा एकत्र अभ्यास होतो. पंचायत सदस्यांना आज्ञावली लिहिता येण्याची आवश्यकता नाही. मात्र संकेतस्थळ करवून घेताना मराठी अंक स्वीकारले जातात काय, यादी वर्णमालेनुसार लागते काय आणि दृष्टिहीन व्यक्तीला अर्ज भरता येतो काय, हे तीन प्रश्न त्यांनी अवश्य विचारावेत. या प्रश्नांची होकारार्थी उत्तरे प्रत्यक्ष पडद्यावर पाहिल्यानंतरच काम पूर्ण झाल्याचे मानावे.