सही करण्याआधी बेसमेंटची हवा मोज

अगं, विकत घ्यायच्या घराचं स्वयंपाकघर बघितलंस, शाळा बघितलीस, गराजही मापून झालं म्हणालीस. बेसमेंटमधला रेडॉन मोजून घेतलास का? आयोवात काउंट्या 99 आणि ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या नकाशावर त्या सगळ्याच रेडॉनच्या सर्वांत जास्त धोक्याच्या पट्ट्यात आहेत. इथल्या मातीत युरेनियमचा अंश असतो. त्यातून रेडियम तयार होतं आणि रेडियममधून हा वायू. त्याला वास नाही, रंग नाही. फरशीच्या भेगांतून, सम्पपंपाच्या खड्ड्यातून तो घरात शिरतो. थंडीत घरातली गरम हवा वर चढते आणि खालून जमिनीतली हवा ओढून घेते, त्यात आपण खिडक्या घट्ट लावून बसतो. पुण्याच्या घरात बारा महिने खिडक्या उघड्या, त्यामुळे तुझ्या आईच्या हे कधी कानावरही आलेलं नाही. म्हणून मी सांगते.

पेनसिल्वेनियात 1984 मध्ये स्टॅनली वॉट्रस नावाचा इंजिनिअर अणुवीज केंद्रात कामाला होता. तो आत शिरला की किरणोत्साराची घंटा वाजायची. शोध घेतला तर किरणोत्सार त्याच्या राहत्या घरातून अंगावर येत होता! घरातला आकडा निघाला लिटरभर हवेत 2,700 पिकोक्युरीच्या आसपास. 4 झाले की उपाय करा, असं ईपीए सांगते.

तेव्हा शेजारणीकडे 2 आला म्हणून तू निर्धास्त राहू नकोस. भिंतीला भिंत लागून असली तरी आकडा ज्या त्या घराचा वेगळा.

रेडॉन मोजायची कोळशाची डबी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ठेवायच्या आधी बारा तास दारं-खिडक्या बंद. जाण्यायेण्यापुरतं दार उघडलं तर चालतं. डबी राहत्या सगळ्यात खालच्या मजल्यावर ठेव, जमिनीपासून हातभर उंच, खिडकीपासून लांब. स्वयंपाकघरात नको, न्हाणीघरात नको. सांगितलेले दिवस झाले की झाकण लावून त्याच दिवशी पोस्टात टाक. मी पहिल्या वेळी डबी आठवडाभर टेबलावर तशीच ठेवली आणि सगळं वाया गेलं. रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा होतो, मग प्रयोगशाळेला काय सापडणार?

दुसऱ्या वेळी आमच्याकडे 11 आला. त्याच बेसमेंटमध्ये आपल्या गावातल्या सगळ्यांचा गणपती बसायचा, मुलं तिथेच गाद्या टाकून झोपायची. त्या रात्री मला झोप लागली नाही. अमेरिकेत सिगारेटच्या खालोखाल फुप्फुसाचा कॅन्सर रेडॉननेच होतो, आणि तुझे काका तेव्हा ओढायचेही. दोन्ही एकत्र आले की धोका कितीतरी वाढतो.

उपाय दिवसाभरात झाला. फरशीला भोक पाडून पाइप थेट छपराच्या वर नेला आणि माळ्यावर पंखा बसवला. पंखा बेसमेंटमध्ये बसवतो कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. गळती झाली तर वायू घरातच पसरेल. पाइपवर यू आकाराची नळी असते, तिच्यात रंगीत पाणी. दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीला आलं की समजायचं, पंखा बंद पडलाय. कपडे धुवायला खाली जाते तेव्हा मी आधी तिकडे बघते. पंखा बसल्यावर पुन्हा मोजलं, 1.3 आला. तरी दर दोन वर्षांनी मी मोजतेच.

घर विकणाऱ्याला लेखी विचार, कधी मोजलं होतं आणि किती आलं. नुसतं तोंडी "ठीक आहे" म्हणाला तर सही थांबव. माझ्याकडे एक कोरी डबी आहे, मुदत संपायची आहे अजून. शनिवारी घेऊन येते.