खाणीतली आग पाण्याने का विझवत नाहीत?

प्रश्न : माझा भाचा चंद्रपूरजवळच्या भूमिगत कोळसा खाणीत नोकरीला आहे. तो सांगतो, आत आग लागली की पाणी मारत बसत नाहीत, विटांची भिंत घालून तो भागच बंद करतात. हे खरे का? आणि आत बिडी-काडी न्यायची बंदी असताना आग लागते कशी?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : भाचा खरेच सांगतो. पण आधी तुमचा दुसरा प्रश्न घेऊ. कोळसा हवेतला प्राणवायू शोषतो आणि त्यातून थोडी थोडी उष्णता निघते. वारा खेळता असला तर ती वाहून जाते. हवाच नसली तर क्रिया थंडावते. धोका मधल्या स्थितीत, जिथे हवा झिरपते पण खेळत नाही. तुमच्याकडे ओलसर पेंढ्याची उडवी रचली तर ती आतून तापते, तसेच काहीसे. (उडवीत सुरुवात जिवाणू करतात, एवढा फरक.) कोळसा काढल्यावर मागे उरलेल्या पोकळीत, खाणकामगारांच्या ‘गोफा’त, अशा स्थितीत कोळशाचा चुरा पडून असतो. चंद्रपूरकडच्या वर्धा खोऱ्यातला कोळसा लवकर तापणारा. म्हणून खाणीचे लहान लहान पॅनल, म्हणजे कप्पे, पाडायचे आणि चुरा तापून पेटायला जे काही महिने लागतात, ते संपायच्या आत पॅनल उपसून बंद करायचे. आग टाळण्याचा मोठा भाग म्हणजे हे वेळापत्रक पाळणे. भिंतींना सुटलेला घाम, पेट्रोलसारखा वास, हवेत वाढलेला कार्बन मोनॉक्साइड ही आधीची लक्षणे.

आग नवी आणि डोळ्यांसमोर असेल तर पाणी मारतातच, निखारे उकरूनही काढतात. गोफात मात्र ती लपलेली असते, तिथवर माणूस पोचत नाही. शिवाय लालभडक कोळशावर पाणी पडले की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात, दोन्ही पेट घेणारे. म्हणून हवाच तोडायची.

भिंत घातल्यानंतरचे तास सर्वांत वाईट. आत मिथेन साचू लागतो आणि हवेत तो 5 ते 15 टक्के असला की स्फोट होऊ शकतो. मिथेन तुम्हाला परका नाही, अंजनवेलच्या वीज प्रकल्पाचे इंधन असलेला नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः तोच. त्यामुळे माणसे बाहेर काढतात, आतल्या हवेचे नमुने तपासत राहतात, कधी नायट्रोजन सोडतात. ज्वाला विझली तरी कोळसा अगदी थोड्या प्राणवायूवर धुमसत राहतो, म्हणून भिंत उघडण्याची घाई करायची नसते. झारखंडातल्या झरियात 1916 मध्ये नोंदवलेली आग अजून पूर्ण विझलेली नाही.

जीव घेतो तो बहुधा धूर. 25 जानेवारी 1994 रोजी पश्चिम बंगालमधल्या न्यू केंदा खाणीतल्या आगीत 55 कामगार गेले, ते कार्बन मोनॉक्साइडमुळे. भाच्याला त्याच्या कमरेच्या सेल्फ रेस्क्यूअरबद्दल विचारा. धुरातून बाहेर पडेपर्यंत श्वासाची सोय करणारा तो डबा आहे.

कार्बन मोनॉक्साइड घरातही तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही. पावसाळ्यात वीज गेली म्हणून बंद पडवीत जनरेटर लावू नका, आणि पेटती शेगडी आत ठेवून, दारे लावून झोपू नका.