जॉन ब्राऊन: श्रद्धा आणि शस्त्र



मागे युवकांच्या सभेत एका मुलाने विचारले, "फादर, अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलणे हे नेहमीच पाप का?" वेळ संपत आली होती. आम्ही थोडक्यात उत्तर दिले आणि ते आमचे आम्हालाच पटले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न आम्ही फळ्यावर मुद्दे मांडून सोडवला होता! म्हणून आज अमेरिकेतील जॉन ब्राऊन ह्या गृहस्थाची हकिगत सांगतो.

१८६० साली अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. मालक आणि गुलाम एकच बायबल वाचत. मालकांना त्यात संत पौलाचा आज्ञापालनाचा उपदेश दिसे, गुलामांना मोशे दिसे. विल्यम लॉइड गॅरिसन ह्यांनी १८३१ साली गुलामगिरीविरुद्ध 'लिबरेटर' हे पत्र सुरू केले. शत्रूवरही हात उगारायचा नाही, ही त्यांची ख्रिस्ती श्रद्धा होती. त्याच वर्षी व्हर्जिनियात नॅट टर्नर ह्या गुलाम उपदेशकाने देवाची हाक ऐकल्याचे सांगून बंड केले. त्यात सुमारे ५५ गोरे मारले गेले, मुलेबाळेसुद्धा. सूड म्हणून अनेक निरपराध कृष्णवर्णीयांची कत्तल झाली.

जॉन ब्राऊन कट्टर प्रॉटेस्टंट, बायबल तोंडपाठ. मे १८५६ मध्ये कॅन्सस प्रांतात त्याने व त्याच्या माणसांनी गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना रात्री घरातून बाहेर काढून तलवारीने मारले. त्या पाचांपैकी एकाकडेही गुलाम नव्हता. पुढे १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री त्याने २१ साथीदारांसह हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागार ताब्यात घेतले. गुलामांना शस्त्रे देऊन डोंगरात न्यायचे, असा बेत होता. ह्या छाप्यात पहिला बळी गेला तो हेवर्ड शेपर्ड ह्या स्वतंत्र कृष्णवर्णीय रेल्वे हमालाचा. दोन दिवसांत सारे आटोपले. ब्राऊनचे दोन मुलगे मारले गेले. पूर्वी स्वतः गुलाम असलेले फ्रेडरिक डग्लस ह्यांनी, तू सापळ्यात शिरतो आहेस, असे त्याला आधीच बजावले होते.

कोर्टात मात्र ब्राऊनने जे सांगितले ते आम्हाला अस्वस्थ करते. बंदिवासात असलेल्यांची, आपणही त्यांच्याबरोबर बंदिवान आहोत असे समजून, आठवण ठेवा, ह्या इब्री १३:३ मधील शिकवणीचा त्याने आधार घेतला. गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या पाळकांची प्रार्थना त्याने नाकारली. २ डिसेंबर १८५९ रोजी त्याला फाशी झाली. त्याच दिवशी बोस्टनच्या सभेत शांतिवादी गॅरिसननीही गुलामांच्या बंडाला यश चिंतिले!

आपल्या कॅथलिक श्रद्धाग्रंथातील परिच्छेद २२४३ सशस्त्र प्रतिकाराला पाच कडक अटी घालतो. मूलभूत हक्क दीर्घकाळ आणि गंभीरपणे पायदळी तुडवले गेले होते का? निःसंशय. इतर मार्ग संपले होते का? गुलामाला मत नव्हते, कोर्टात दाद नव्हती. पण यशाची सबळ आशा, आणि त्यातून अधिक मोठा अनर्थ होणार नाही ही खात्री? २२ माणसांचा तो बेत इथे टिकत नाही असे आम्हाला वाटते. कॅन्ससमधील ते पाच खून तर कुठल्याही अटीत बसत नाहीत.

एवढे म्हटल्यावर आपल्याही घरात डोकवायला हवे. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी २७२ गुलाम लुइझियानातील मळेवाल्यांना विकले. जॉर्जटाऊन कॉलेजचे कर्ज फेडण्यासाठी त्यातला पैसा गेला. त्याची जाहीर क्षमायाचना २०१७ साली झाली. पोप ग्रेगरी सोळावे ह्यांनी १८३९ मध्ये गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला, तेव्हा चार्ल्स्टनचे बिशप जॉन इंग्लंड ह्यांनी, हे फक्त व्यापाराबद्दल आहे, घरच्या गुलामांबद्दल नव्हे, असा खुलासा केला. ब्राऊनला अटी लावताना आमची लेखणी इथे अडखळते. त्या २७२ जणांनी कोणता मार्ग धरायचा होता?

त्या मुलाला आम्ही पुन्हा बोलावले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात थांबावे. येताना निर्गम २:११-१५ वाचून यावे. मोशेने मिसरी मुकादमाला ठार करून वाळूत पुरल्याचा तो प्रसंग आहे.