शिंगाडा आणि कटला एकाच घरचे कसे?

परवा वजनकाट्यावर एका पोराने विचारलं, "काका, कटल्याला एवढे मोठे खवले, शिंगाड्याला एकही नाही. मग हे नातेवाईक कसे?" त्यावरून आजचा धडा.

कुठल्याही माशाचा पर ताणून उजेडात धरा. पातळ पडद्यात छत्रीसारख्या काड्या दिसतील. असे पर असलेल्या माशांना किरणपंखी म्हणतात. रोहू, शिवडा, मरळ, वाम, तिलापिया सगळे त्यातलेच. यांच्या 30 हजारांहून जास्त जाती आहेत. शार्क आणि पाकट वेगळे, त्यांचा सांगाडा कूर्चेचा.

ही शाखा 40 कोटी वर्षांहून जुनी आहे. तिच्यातला गार मासा आज अमेरिकेकडे सापडतो, खवले जाड, चिलखतासारखे. पण त्याच्या भाऊबंदांचे दगड झालेले अवशेष चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला मिळालेत, डायनासोरच्या काळातले! आपल्या धारमध्ये बाघकडे तर शार्कचे दात निघतात, कारण तिथे तेव्हा समुद्र होता.

आता पोराचं उत्तर. कटला आणि शिंगाडा, दोघांच्याही डोक्यामागे मणक्यांपासून झालेली बारीक हाडं असतात. पोटातल्या हवेच्या पिशवीचा कंप ती कानापर्यंत नेतात, म्हणून इंजिनाचा आवाज यांना लवकर कळतो. तिलापियाला ती नाहीत. नातं ठरवताना खवल्यांपेक्षा अशी हाडं जास्त धरतात.

महाशीर, म्हणजे आपला बाडस, रोहू-कटल्याच्याच कुळातला. म्हणून आपल्या वहीत तो "इतर कार्प"मध्ये जातो. हे मला पटत नाही. कुळ एक असलं तरी गरज वेगळी. त्याला अंडी घालायला वाहतं, गोट्यांचं पाणी लागतं. ओंकारेश्वरचं पाणी धाराजीवर चढलं, सरदार सरोवरचं निसरपूरला आलं, तिथली धारच थांबली. रोहू-मृगळाचं बी इंजेक्शन देऊन काढायची रीत 1957 पासून आहे, ते कुठेही मिळतं. महाशीरचं तसं नाही. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात काढतात, पण आपल्याला दारात कोण आणून देणार? 2011 साली मध्य प्रदेशाने त्याला राज्य मासा केला आणि आपल्याकडे त्याचा रकानाच नाही.

या वेळेपासून महाशीर वेगळा लिहा, वजन आणि जागेसकट. लहान असेल तर जिवंत सोडा. 16 जूनला बंदी लागते, त्याआधी वह्या ऑफिसात जमा करा.