मेंदूतला शॉर्ट सर्किट : फीट, ई.ई.जी. आणि आपण

सुरुवातीलाच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे माझ्या मराठीत कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. विषय मात्र असा आहे, की तो मेसच्या मावशींपासून एफ.ई.च्या ज्युनिअर्सपर्यंत सगळ्यांना कळायला हवा, म्हणून मुद्दाम मराठीतच लिहितेय.

विषय आहे फीट येणे. गावाकडे याला आकडी, फेफरं किंवा मिरगी म्हणतात, डॉक्टरी मराठीत अपस्मार आणि इंग्रजीत एपिलेप्सी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे. नीट निदान आणि नीट औषध मिळालं, तर त्यातले 70 टक्के लोक फीटशिवाय जगू शकतात, असंही हीच संघटना सांगते. म्हणजे हा असाध्य रोग नाही. तरीही लोक तो लपवतात. असं का, ते पुढे बघू.

फीट म्हणजे नक्की काय?

आपल्या मेंदूत अंदाजे 86 अब्ज न्यूरॉन्स आहेत. प्रत्येक न्यूरॉन म्हणजे एक छोटा स्विच. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे आयन आत-बाहेर करतात आणि त्यातून विजेचा पल्स तयार होतो. काही न्यूरॉन्स शेजाऱ्याला 'चल, फायर कर' सांगतात, तर काही 'गप्प बस' सांगतात. या दोघांचा बॅलन्स असतो तोवर सगळं ठीक. तो बिघडला की हजारो न्यूरॉन्स एकाच तालात फायर करायला लागतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पॉझिटिव्ह फीडबॅक लागून सिस्टिम ऑसिलेट होते. तीच फीट.

ती मेंदूच्या एका कोपऱ्यात सुरू झाली तर फोकल, आणि सुरुवातीपासूनच दोन्ही बाजूंना असली तर जनरलाइज्ड. प्रत्येक फीटमध्ये माणूस खाली पडून हातपाय झाडतोच असं नाही. कुणाला नुसता एक हात झटके देतो. कुणी काही सेकंद शून्यात बघत राहतं, बोलता बोलता थांबतं आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढे चालू. शाळेत अशा मुलांना 'लक्ष कुठाय तुझं?' म्हणून ओरडा बसतो आणि खरं कारण कुणाच्या ध्यानातच येत नाही.

निदान : मशीनच्या आधी माणूस

बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशन शिकताना मला वाटायचं, की मशीन लावलं की आजार स्क्रीनवर दिसतो. तसं नसतं. न्यूरॉलॉजिस्टचं सगळ्यात महत्त्वाचं साधन म्हणजे ज्यानं फीट पाहिली त्याची साक्ष. पेशंटला स्वतःला बहुतेक वेळा काही आठवत नाही. म्हणून डॉक्टर बरोबर आलेल्याला विचारतात : आधी काय करत होती? डोळे उघडे होते की मिटलेले? झटके एका बाजूला होते की दोन्ही? किती मिनिटं? जीभ चावली गेली का? नंतर किती वेळ गोंधळलेली होती? उन्हात उभं राहून चक्कर येणं, साखर कमी होणं, मानसिक ताणातून येणारे झटके, हे सगळं लांबून फीटसारखंच दिसतं, पण उपचार वेगळे असतात.

त्यानंतर येतो ई.ई.जी. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या डॉक्टरनं 1924 साली माणसाच्या मेंदूचे तरंग पहिल्यांदा नोंदवले आणि 1929 साली ते प्रसिद्ध केले. आधी कुणाचा विश्वास बसेना. 1934 साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा जगानं मान्य केलं.

इन्स्ट्रुवाल्यांनो, इथे कान द्या. टाळूवर मिळणारा सिग्नल साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्ट असतो आणि खोलीतला 50 हर्ट्झचा नॉइज त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा. डिफरन्शियल ॲम्प्लिफायर आणि सी.एम.आर.आर. आपण ओरल्सपुरते पाठ करतो ना, ते इथे खरोखर लागतात. इलेक्ट्रोड कवटीवर 10 आणि 20 टक्के अंतरं मोजून पेस्टनं चिकटवतात, म्हणून या पद्धतीचं नाव टेन-ट्वेंटी. मग पेशंटला तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांसमोर लाइट फ्लॅश करतात, कधी आदल्या रात्री कमी झोपून यायला सांगतात. म्हणजे सिस्टिमला मुद्दाम इनपुट देऊन रिस्पॉन्स बघायचा. शून्यात बघणाऱ्या मुलांमध्ये सेकंदाला तीन असे टोकदार स्पाइक आणि गोल वेव्ह दिसतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : ई.ई.जी. नॉर्मल आला म्हणजे एपिलेप्सी नाही, असं होत नाही. ते वीस-तीस मिनिटांचं सॅम्पल असतं. त्या वेळात मेंदू शांत असला तर काहीच दिसणार नाही.

कारण शोधायला एम.आर.आय. करतात. त्यात जुनी जखम, गाठ किंवा जन्मापासूनचा दोष दिसू शकतो. भारतात अजून एक कारण बरंच आढळतं. डुकराच्या टेपवर्मची अंडी न धुतलेल्या भाज्यांतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात जातात आणि त्यांच्या अळ्या मेंदूपर्यंत पोचतात. शुद्ध शाकाहारी माणसालाही हे होऊ शकतं. तेव्हा मेसमध्ये काकडी-टोमॅटो धुण्यावरून मावशी कटकट करतात, ती कटकट नव्हे, न्यूरॉलॉजी आहे!

उपचार : गोळी वेळेवर, म्हणजे वेळेवर

1857 साली ब्रोमाइड, 1912 साली फेनोबार्बिटल, 1938 साली फेनिटॉइन अशी औषधं येत गेली. आज व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लेव्हेटिरासिटाम अशी बरीच आहेत. काही औषधं सोडियमचं गेट वारंवार उघडू देत नाहीत, काही 'गप्प बस' म्हणणाऱ्या न्यूरॉन्सना बळ देतात. कुठलं औषध कुणाला, हे फीटचा प्रकार, वय आणि इतर गोष्टी बघून डॉक्टर ठरवतात. मुलींनी तर हे नीट विचारून घ्यावं, कारण व्हॅल्प्रोएटनं गरोदरपणात बाळाला धोका असतो. मैत्रिणीची गोळी आपण घेणं किंवा केमिस्टला विचारून बदलणं, दोन्ही बंद.

गोळीचं गणित सोपं आहे. औषधाची रक्तातली पातळी स्थिर व्हायला साधारण पाच हाफ-लाइफ लागतात. एक डोस चुकला की पातळी घसरते, थ्रेशोल्ड खाली येतो आणि फीट गाठते. गोळ्या एकदम बंद करणं तर त्याहून धोक्याचं. दोन वर्षं किंवा जास्त काळ फीट आली नाही तर डॉक्टर हळूहळू कमी करायचा विचार करतात, पण तो विचार त्यांनी करायचा, आपण नाही. साधारण तिघांतल्या एकाला औषधं पुरत नाहीत. त्यांच्यासाठी सर्जरी आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत 1995 पासून अशा शस्त्रक्रिया होताहेत.

हॉस्टेलमधली गोष्ट

गेल्या सबमिशनच्या आठवड्यात आमच्या विंगमधल्या एका मैत्रिणीला पहाटे फीट आली. तिला विचारूनच लिहितेय. दोन रात्री जागून जर्नल्स पूर्ण केलेली आणि गोळी राहिलेली. कॉरिडॉरमध्ये एकच गोंधळ. एकीनं चप्पल हुंगवायला आणली, दुसरीनं चमचा. तेवढ्यात रेक्टर मॅडम आल्या, सगळ्यांना मागे सारलं, तिच्या डोक्याखाली उशी दिली, तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघत शांत बसून राहिल्या. दोन मिनिटांत झटके थांबले.

नंतर कळलं, की ती गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवायची. 'घरून सांगितलंय, कुणाला कळू देऊ नकोस, पुढे स्थळ बघताना अडचण येईल,' ती म्हणाली. मला आजारापेक्षा हे जास्त लागलं. 1999 साली कायदा बदलून हिंदू विवाह कायद्यातून आणि स्पेशल मॅरेज ॲक्टमधून एपिलेप्सीचा अडसर काढून टाकला गेला. कायदा पुढे गेला, आपण मागेच राहिलो! जॉन्टी ऱ्होड्सला एपिलेप्सी होती आणि ते त्यानं उघड सांगितलंय. 1992 च्या वर्ल्ड कपमध्ये इंझमामला रनआऊट करणारी ती उडी बघून कुणी म्हणेल का, की हा माणूस आजारी आहे?

लपवण्याचा खरा तोटा असा, की ऐनवेळी बाजूच्या मुलीला काय करायचं ते माहीत नसतं. म्हणून हे वाचा आणि लक्षात ठेवा :

1. घाबरू नका, घड्याळ बघा. जमलं तर कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ घ्या, फक्त डॉक्टरांना दाखवायला. ग्रुपवर टाकायला नव्हे.
2. टेबल, इस्त्री, गरम पाणी बाजूला करा. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. चष्मा काढा, गळ्याभोवतीचं सैल करा.
3. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही, पण दात मात्र तुटतात.
4. चप्पल, कांदा, किल्ल्या यांनी काही होत नाही. फीट आपली आपणच थांबते.
5. कुशीवर वळवा, म्हणजे लाळ श्वासनलिकेत जाणार नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा.
6. पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, मार लागला, पाण्यात असताना आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असली तर लगेच 108 ला फोन करा.

ज्यांना हा आजार आहे त्यांना एवढंच सांगेन : निदान रूममेटला आणि रेक्टरना सांगून ठेवा. गोळी वेळेवर घ्या आणि झोप पुरी करा. सबमिशन एक दिवस लेट झालं तर फार तर सर ओरडतील. आणि बाकीच्यांनी, कुणी सांगितलं तर 'अय्यो!' न म्हणता फक्त विचारा, 'गोळी कितीची असते? मी आठवण करू का?'

आमच्या विंगमध्ये आता रोज रात्री नऊला हे विचारलं जातं. व्हिटॅमिनची बाटली गेली, गोळ्या आपल्या खऱ्या पाकिटात टेबलावर असतात.

– टी.ई. (इन्स्ट्रुमेंटेशन), मुलींचे वसतिगृह