जोर हाताचा नाही, पकडीचा

हे बघ, आधी मनातून एक गोष्ट काढून टाक : जाम झालेला स्क्रू ताकदीने सुटतो, ही. टेंभी नाक्यावर गाडी लावून तू पेचकस हातात घेतलास की कुणीतरी थांबणार आणि म्हणणार, "सोडा ताई, जोर लागतो त्याला." ते मनाला लागतं, तू इरेला पेटून जोर करतेस आणि नेमकी तेव्हाच स्क्रूच्या डोक्यावरची फुली गोल होते. जोर हाताचा नसतो गं, पकडीचा असतो.

बाबांची आरएक्स 100 मोटारसायकल आहे. ही गाडी भारतात 1985 साली आली आणि 1996 मध्ये बनायची थांबली, म्हणजे तुझी गाडी निदान तीस वर्षांच्या घरातली. इंजिनाच्या बाजूचं कव्हर ॲल्युमिनियमचं, स्क्रू लोखंडाचे. दोन धातूंच्या मध्ये पावसाचं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम झिजत जातं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. आपल्या ठाण्यात चार महिने पाऊस आणि बाजूला खाडी. स्क्रू धरून बसले तर त्यात तुझा काय दोष?

दुसरं कारण पेचकस. या जपानी धाटणीच्या स्क्रूच्या फुलीत नेहमीचा फिलिप्स पेचकस पूर्ण बसत नाही. फिरवला की वर सरकतो आणि फुलीच्या कडा कुरतडतो. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका असेल तर दुकानात जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा, पेचकसच माग. टोक झिजलेला पेचकस तर हातातही धरू नकोस.

आता ओळीने कर. आधी ऑइल काढून घे आणि किकचा दांडा उतरव. फुलीतला चिखल टाचणीने साफ कर, गंज सोडवणारं तेल मार आणि रात्रभर तसंच राहू दे. सकाळी स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचे दोन-तीन सरळ, नेमके ठोके दे. आट्यांतली पकड त्यानेच सैल होते. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर घे. तो उघडायच्या दिशेला लाव, स्क्रूवर सरळ उभा दाबून धर आणि मागून हातोडी मार. टोक आत दाबलं जातं त्याच क्षणी फिरतंही, म्हणून निसटायला जागाच उरत नाही. एवढ्यावर बहुतेक स्क्रू सुटतात.

फुली गेलीच असेल, तर डोक्याच्या कडेला छन्नी तिरकी लाव आणि उलट्या दिशेने हलके ठोके देत ते फिरव. गरम हवेची गनही उपयोगी पडते : ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून स्क्रूभोवतीचा भाग गरम केला की भोक सैल होतं. पण आधी पेट्रोलचा कॉक बंद कर, आणि ज्वाळा तर अजिबात नको.

यानेही नाही झालं तर डोकं ड्रिलने उडव. मधोमध पंचची खूण, आधी बारीक बिट, मग 6 मिलीमीटरहून थोडा जाड. डोकं निघालं की घाबरू नकोस. कव्हर उतरल्यावर मागे उरलेल्या खुंटावर ताण राहत नाही. तो व्हाइस ग्रिपने धरून फिरवला की सहसा निघतो. तुटका स्क्रू काढायचा एक्स्ट्रॅक्टर मात्र जपून वापर. तो कडक पण ठिसूळ पोलादाचा असतो. आतच तुटला तर त्यावर साधं ड्रिलही चालत नाही. खुंट आतच मोडला किंवा आटे गेले, तर तिथेच थांब आणि लेथवाल्याकडे जा. तो नव्या आट्यांसाठी हेलिकॉइल बसवून देईल. त्यात कमीपणा काही नाही.

सगळे स्क्रू निघूनही कव्हर हलत नसेल तर फटीत पेचकस घालू नकोस, माझी शपथ आहे. पॅकिंग बसते त्या जागेला एक ओरखडा पडला की ऑइल गळायला लागतं. रबरी हातोडीने कडेकडेने ठोक, सुटेल.

वेळही नीट निवड. पाऊस ओसरल्यावर, पण नवरात्राच्या आत. आनंद दिघेंनी 1978 साली सुरू केलेल्या आपल्या देवीच्या उत्सवाला एकदा गर्दी लोटली की नाक्यावर गाडी ढकलायलाही वाट मिळत नाही.

बसवताना घाई करू नकोस. पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेव, कारण त्यांच्या लांब्या वेगळ्या असतात. पॅकिंग नवी घाल. खराब झालेले स्क्रू परत लावू नकोस. त्याच लांबीचे एम 6 चे ॲलन बोल्ट घे, आट्यांना ग्रीसचा नुसता हात लाव आणि समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. एवढ्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात, आखूड पान्याने बेताने आवळलं की झालं. पुढच्या वेळी हे कव्हर तूच उघडणार आहेस. त्या हातांचा विचार करून आज आवळ.