जुन्या मोटारीची स्वयंचलित गिअरपेटी : दोषाचा शोध

स्वयंचलित गिअरपेटी नीट चालेनाशी झाली की ती उतरवून उघडलीच पाहिजे, हा समज जितका रूढ आहे तितकाच खर्चिक आहे. चेन्नईच्या परिसरात 1990 च्या दशकाच्या अखेरीस इरुंगाट्टुकोट्टै आणि मरैमलै नगर येथे मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि डाव्या पायाला विश्रांती देणारी गाडी हळूहळू मध्यमवर्गाच्याही दारात आली. अशी गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली म्हणजे पेटी नव्याने बांधण्याचा खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीशी बरोबरी करू लागतो. म्हणूनच पाना हाती घेण्यापूर्वी विचार करणे अगत्याचे ठरते.

या पेटीत इंजिनाची शक्ती प्रथम तेलाने भरलेल्या टॉर्क कन्व्हर्टरमधून जाते. पुढे ग्रहमालेसारखी रचना असलेली दंतचक्रे असतात. त्यांपैकी कोणते चक्र रोखावयाचे आणि कोणते फिरू द्यावयाचे, हे तेलाच्या दाबाने आवळले जाणारे क्लच व पट्टे ठरवितात. तेव्हा तेल येथे केवळ वंगण नव्हे. तेच शक्ती वाहून नेते, तेच दाब देते आणि उष्णताही तेच बाहेर काढते. जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसविलेल्या हायड्रामॅटिक पेटीपासून आजतागायत हे तत्त्व बदललेले नाही.

साहजिकच शोधाचा प्रारंभ तेलापासून होतो. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन तापलेले व मंद गतीने चालू असताना डिपस्टिक पाहावी, असा बहुतेक गाड्यांचा नियम आहे. काही गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच पाहावे लागते, म्हणून गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, फेस होतो, दाब पडतो आणि गिअर घसरू लागतो. तेल जास्त झाले तरी फिरणारी चक्रे ते घुसळून फेसच करतात, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. काळपट रंग आणि करपट वास क्लचचे अस्तर जळाल्याचे सांगतात. दुधाळ गुलाबी तेल म्हणजे पाणी शिरले आहे. रेडिएटरमधील तेल थंड करणारी नळी फुटली असावी किंवा गाडी पुरात बुडाली असावी. डिसेंबर 2015 मध्ये अड्यार नदीने काठ ओलांडले तेव्हा चेन्नईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाण्याने अस्तराचा चिकटा सुटतो, आणि तो परिणाम कित्येकदा उशिरा दिसतो.

चेन्नईचा उन्हाळाही विसरून चालणार नाही. मे महिन्यातील अग्निनक्षत्राच्या दिवसांत अण्णा सालैवरील गर्दीत गाडी थांबत-थांबत चालते. कन्व्हर्टरमधील घसरण वाढते आणि तेल तापते. गार असताना नीट चालणारी पेटी तापल्यावर घसरू लागली, तर पातळ झालेले तेल झिजलेल्या सीलमधून गळून दाब कमी होत असल्याचा संशय घ्यावा.

तेल निर्दोष आढळल्यास पेटीबाहेरचे भाग पाहावेत. अनेक जुन्या पेट्यांत थ्रॉटलला जोडलेली तार इंजिनावरील भार कळविते. ती अधिक ताणलेली असली तर गिअर उशिरा व धक्क्याने बदलतो. काहींत हे काम इंजिनाच्या निर्वातावर चालणारा मॉड्युलेटर करतो. उष्णतेने कडक होऊन चिरलेली रबरी नळी हवा आत घेते आणि पेटीला भार वाढल्याचा भास होतो. काही रुपयांची ही नळी अनेक पेट्या विनाकारण उघडावयास लावते! मॉड्युलेटरचा पडदाच फाटला तर इंजिन पेटीतील तेल ओढून जाळते. कोठेही गळती नसताना तेल घटते आणि मागून पांढरा धूर येतो.

यानंतर ‘स्टॉल’ चाचणी. ती अनुभवी हातांनी आणि पुस्तिकेची अनुमती असेल तरच करावी. चाकांना अडण्या लावून, दोन्ही ब्रेक दाबून, पाच सेकंदांहून अधिक नाही एवढाच वेळ पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावयाचा आणि इंजिनाचे फेरे मोजावयाचे; समोर कोणीही उभे नसावे. फेरे पुढच्या व मागच्या दोन्ही गिअरांत जास्त आले तर मुख्य दाब कमी आहे; केवळ पुढच्यात जास्त आले तर पुढच्या गिअरचा क्लच घसरतो आहे. दोन्हींत कमी आले तर इंजिन दुर्बल आहे किंवा कन्व्हर्टरमधील एकदिशा क्लच निकामी आहे. गाडी सुटताना मंद पण वेग आल्यावर ठीक असेल, तर दोष बहुधा दुसरा.

संगणक-नियंत्रित पेटी एकाच गिअरमध्ये अडकून बसली तर ती बहुधा स्वतःचे रक्षण करीत असते. अशा वेळी गंजलेली जोडणी, वेगमापक सेन्सर आणि सोलेनॉइड आधी तपासावेत.

तेल करपलेले आणि तळाच्या तबकात धातूचा कीस, असे दोन्ही आढळले तर मात्र पेटी उघडणे टळत नाही. पुष्कळ मालक अशा वेळी पुदुपेटच्या जुन्या भागांच्या बाजारातून वापरलेली पेटी आणणे पसंत करतात. तीही घेण्यापूर्वी तिच्यातील थोडे तेल पांढऱ्या कागदावर टाकून पाहावे. ते दुधाळ दिसले तर ती पेटी तेथेच सोडावी.